डाव्या पिळाची दोरी

१

रांजणाचं झाकण मी माझ्या हातानं उचललं, आत डोकावले, आणि क्षणभर वाटलं की चष्मा बदलायला झालाय. कारण मला रांजणाचा तळ दिसत होता. धुतलेला, पुसलेला, कोरडा ठणठणीत तळ.

"काय झालं बाई?" मागून सुन-ये म्हणाली.

"आत काही नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. या, बघा."

सुन-ये पुढे आली. तिची नणंद माल-सुक तिला ढकलून तिच्याही पुढे आली, आत बघितलं आणि छाती पिटायला लागली. "अगं आई गं! पाच पिढ्यांचा सोया! वहिनी, कुठे नेलास?"

"मी? मला विचारता वन्सं?"

"मग काय मांजरानं प्यायला?"

सुन-येचा नवरा प्यो दोंग-सिक ओट्याखाली उभा होता, हात पाठीमागे बांधून, कुंपणाच्या भिंतीकडे बघत. तो वर आला नाही. आमच्याकडे कोरियात रांजणांच्या ओट्यावर पुरुष चढत नाहीत. पुरुषाचा पाय लागला की सोया, म्हणजे सोयाबीन मुरवून केलेला खारा काळा रस, नासतो, अशी समजूत. मी शाळेत पस्तीस वर्षं गृहशास्त्र शिकवलं, असल्या समजुतींवर माझा काडीचा विश्वास नाही. पण या दोलगोल गावात अजून सगळे ते पाळतात.

शाळेतून निवृत्त झाल्यावर कोर्टानं मला या कामाला लावलं. घटस्फोटाचा खटला न्यायाधीशांपुढे उभा राहण्याआधी नवरा-बायकोला समोरासमोर बसवायचं आणि वाटणी आपापसात जमते का ते बघायचं. गुडघे दुखतात, पण जाते. लोक घर सोडतात, जमीन सोडतात, आणि एखाद्या रेडिओसाठी हटून बसतात. इथे हट्ट होता तो या कमरेएवढ्या रांजणासाठी. घर आणि पर्सिमनच्या फळांची बाग दोंग-सिकला, मालवाहू गाडी आणि बँकेतलं सुन-येला, हे दोन बैठकांत ठरलं होतं. रांजणावर घोडं अडलं.

दरवर्षी नवा सोया मुरला की त्यातला थोडा या रांजणात घालायचा आणि यातला डावभर जुना नव्यात, विरजणासारखा. या विरजणावर सुन-येचा धंदा उभा होता. तिच्या बाटल्यांवर लिहिलेलं असायचं, 'प्यो घराण्याचा, पाच पिढ्यांचा'. आता ती शेजारच्या गावात भाड्यानं राहत होती आणि नवा सोया घालायचा मुहूर्त दहा दिवसांवर होता. विरजण नाही, तर वर्ष वाया. गिऱ्हाईक काही वर्षभर थांबत नाही.

कायदा असा, की वाडवडिलांकडून आलेलं ज्याचं त्याचं, ते वाटणीत येत नाही. पण जोडीदारानं ते वर्षानुवर्षं जपलं असेल तर त्याचाही हक्क लागतो. मग यातलं जुनं किती आणि सुन-येच्या हातचं किती? मीच शहाणपणा केला. म्हटलं, तज्ज्ञ बोलावू. जुन्या सोयाच्या तळाशी मिठाचे काळे खडे धरतात, त्यांच्या आकारावरून वय सांगणारा एक माणूस आहे. तो गुरुवारी येणार होता.

आज मंगळवार होता. सोया गेला होता, आणि खडेसुद्धा.

२

पोलिसांना बोलवा म्हणून माल-सुकनं धोशा लावला. मी म्हटलं, "जरा दम धरा. आधी मला बोलू द्या एकेकाशी." पस्तीस वर्षं वर्गातला चोर मीच पकडत आले होते.

पहिली माल-सुक. तालुक्याला तिचं केस कुरळे करायचं दुकान आहे. सोलच्या कुठल्याशा कंपनीला हे विरजण हवं होतं, आणि दादानं ते जिंकून कंपनीला द्यावं म्हणून ती वर्षभर त्याच्या मागे लागली होती.

"शनिवारी तुम्ही इथे आला होतात ना?"

"आले होते. वाळवलेला मुळा न्यायला. दादा एकटा किती खाणार?"

"गाडीतून?"

"मग काय डोक्यावरून? अहो बाई, माझ्यावर संशय घेता? दादाच्या सख्ख्या बहिणीवर?"

"चला, मला जरा तुमच्या गाडीत बसू द्या. गुडघा धरलाय."

बसले. दारं लावून घेतली आणि खोल श्वास घेतला. केसांच्या औषधाचा वास, मुळ्याचा वास, आणि मागच्या सीटवरच्या तळलेल्या कोंबडीचा वास. सोयाचा एवढासा थेंब गाडीत सांडला तर पुढचा पावसाळा येईपर्यंत वास जात नाही. आणि हिच्या हातून तीस लिटर सोया न सांडता नेला जाणं शक्यच नव्हतं. हिनं चहासुद्धा माझ्या साडेतीन कागदांवर सांडला होता.

मग सुन-ये. स्वयंपाकघराच्या पायरीवर बसली होती, हात मांडीवर ठेवून. साठीची बाई, पण हात ऐंशीचे.

"तुम्ही इथे कधी येता?"

"ऊन पडलं की. झाकण उघडते, चारला येऊन लावते. याला ऊन लागतं."

"दोंग-सिक घरात असतात तेव्हा?"

"असतात. पडवीत बसतात. मी माझं काम करते आणि जाते. बोलायचं काय त्यात? बत्तीस वर्षांत बोलले नाहीत, आता काय बोलणार?"

"शेवटचं कधी उघडलंत?"

"शुक्रवारी. भरलेला होता. नंतर ढगच होते." मग ती हळूच म्हणाली, "बाई, खडे? खडेही गेले? एकही नाही?"

"एकही नाही."

तिनं डोळे मिटले. जिचं सगळं गेलं ती बाई रडेल, संतापेल, नवऱ्याला शिव्या घालेल, याची मी वाट बघत होते. पण तिनं सुस्कारा सोडला. आणि खोटं का बोलू, तो सुटकेचा होता.

हिला खडे गेल्याचा आनंद का व्हावा? मी मनात गाठ मारून ठेवली आणि दोंग-सिककडे वळले. त्यानं मला प्रश्नसुद्धा विचारू दिला नाही.

"मी ओतून टाकला," तो म्हणाला. "गटारात. लिहून घ्या."

३

मी लेखणी काढली नाही.

"काय लिहून घेऊ?"

"सोया मी नासवला. त्याची जी काय भरपाई असेल ती माझ्या वाट्यातून तिला द्या. बागेतून द्या."

"का ओतलात?"

तो भिंतीकडे बघायला लागला. असा माणूस नवरा म्हणून मिळाला असता तर मी बत्तीस वर्षं काय, बत्तीस दिवस टिकले नसते, हे तुम्हाला सांगून ठेवते.

माल-सुकनं मोठ्यांदा सूर धरला, "दादा, वेड लागलं का रे तुला?" सुन-ये पायरीवरून उठली, नवऱ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "शेवटी हेही केलंत." आणि पुन्हा खाली बसली.

प्रकरण मिटलं होतं. चोरानं कबूल केलं, भरपाई देतो म्हणाला. माझ्या जागी दुसरी कुणी असती तर कागद भरून दुपारची बस पकडली असती. मी मात्र गटारापाशी गेले. ओट्याच्या मागून ते जातं आणि त्याच्या दोन्ही काठांना वसंतातली चपटी कोबी लावलेली आहे. पानं कशी टवटवीत! मी एक तोडून खाल्लं, गोड लागलं. तीस लिटर खारं पाणी इथून गेलं असतं तर तीन दिवसांत इथे गवताची काडी उरली नसती.

म्हणजे ओतलेला नव्हता. हा माणूस खोटं बोलत होता, आणि खोटं बोलून स्वतःचंच नुकसान करून घेत होता.

परत येऊन मी रांजण नीट बघितला. आमच्याकडे रांजणाच्या गळ्याभोवती भाताच्या पेंढ्याची दोरी बांधतात, वाईट नजर अडवायला. वर्षभरात ती काळी पडते. ही पिवळीधमक होती. नवी. रांजण आडवा करून धुताना जुनी तुटली असणार आणि कुणीतरी नवी वळून बांधली असणार. मी बोटानं पीळ चाचपला. डावा. बरोबर आहे, ही दोरी डाव्या पिळाचीच लागते. रोजची दोरी वळताना उजवा तळवा पुढे सरकतो, ही वळताना डावा. लहानपणापासून सवय नसेल तर हाताला जमत नाही.

"जरा मला एक एक वीत दोरी वळून दाखवा," मी दोघींना म्हटलं आणि पेंढा पुढे केला.

"माझी नखं बघितलीत का?" माल-सुक म्हणाली. खरंच, त्या नखांनी चमचा धरता येतो हेच नवल.

सुन-येनं काही न विचारता पेंढा घेतला आणि वळायला लागली. झरझर, सफाईनं. आणि उजवा तळवा पुढे.

"रांजणाची दोरी कोण वळतं?"

"हेच. ती पुरुषांनी वळायची आणि बायकांनी बांधायची."

म्हणजे काम दोंग-सिकचंच. पण मग खडे कशाला काढले? सोया लपवायचा तर सोया न्यावा. तळाला चिकटलेले खडे खरवडून, रांजण धुऊन पुसून ठेवायची मेहनत कोण करेल? ज्याला भीती आहे की गुरुवारी तो तज्ज्ञ खडे बघेल आणि खरं वय सांगेल, तो. आणि खडे गेल्यावर सुटकेचा श्वास कुणी टाकला? बायकोनं.

भीती हिची आणि हात त्याचे. गृहशास्त्राच्या बाईच्या डोक्यात अखेर प्रकाश पडला. मी माल-सुकला दुकानातून सांधेदुखीचा मलम आणायला पाठवलं. गुडघ्यासाठी म्हणून. दुकान पलीकडच्या गावात होतं.

४

"सुन-ये," मी तिच्या शेजारी बसले, "या रांजणातला सोया पाच पिढ्यांचा नाही ना?"

तिच्या हातातली दोरी खाली पडली.

"कोण म्हणालं?"

"कुणीच नाही. तुम्ही म्हणालात, खड्यांचं विचारलंत तेव्हा."

ती बोलायला लागली, पण खालच्या आवाजात, दोंग-सिक अंगणाच्या त्या टोकाला उभा होता म्हणून.

"लग्नाला वर्ष झालं होतं. आमची बोराम दोन महिन्यांची. सासूबाई भावाच्या साठीला गेल्या होत्या तीन दिवस. मी सकाळी झाकण उघडलं, ऊन छान होतं. आणि पोरीला ताप चढला. अंग नुसतं भाजत होतं हो. पाठीशी बांधली आणि पळत सुटले दवाखान्यात. रांजण डोक्यातच नव्हता. परत येताना वाटेत पावसानं गाठलं, तेव्हा आठवलं. येऊन बघते तो काठोकाठ पावसाचं पाणी. सगळं नासलं. पाच पिढ्या टिकलेला, आणि माझ्या हातून एका दुपारी."

"मग?"

"दुसऱ्या दिवशी पहाटेची बस धरून गोकसोंगला गेले, माहेरी. आईच्या रांजणातला जुना सोया किटल्यांमधून आणला. इथला नासका काढला, घासलं, हा भरला. जुनी दोरी तुटली होती, नवी वळून बांधली. तिसऱ्या दिवशी सासूबाई आल्या. आणि तेव्हापासून प्रत्येक श्राद्धाला यांच्या पूर्वजांपुढे मी माझ्या आईचा सोया ठेवत आले. बाटल्यांवर पाच पिढ्या लिहिलं ते सासूबाईंनी. मी काय म्हणणार होते? गुरुवारी तो माणूस तीस वर्षांचे खडे बघून सांगणार होता. गावात तोंड दाखवायला जागा राहिली नसती."

"अहो, पण खरं सांगितलं असतंत तर रांजणातला सोया तुमचाच होता! तुमच्या आईचा. वाटणीत येतच नाही तो. कायद्यानं एक थेंब यांचा नाही."

"कायद्यानं," ती म्हणाली. "आणि फसवलं त्याचं काय?"

"हे कुणाला माहीत होतं?"

"कुणालाच नाही. आईही गेली आता."

"तेव्हाची दोरी तुम्हीच वळलीत म्हणालात?"

"हो. मीच."

"कुठल्या हातानं?"

तिनं आपल्या तळव्यांकडे बघितलं. मग पायाशी पडलेल्या त्या वीतभर दोरीकडे.

"तुमच्या सासूबाईंना फाटकातूनच दिसलं असतं की पीळ चुकलाय," मी म्हटलं. "त्या काही म्हणाल्या?"

"नाही," ती म्हणाली. "काहीच म्हणाल्या नाहीत."

"कारण त्या येईपर्यंत कुणीतरी ती बदलली होती."

सुन-ये उठली आणि अंगण ओलांडून सरळ नवऱ्यापुढे जाऊन उभी राहिली.

५

"बोरामचे बाबा," ती म्हणाली, "माझ्याकडे बघा. भिंतीकडे नको. तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

त्यानं तिच्याकडे बघितलं. या खटल्यात पहिल्यांदाच.

"तू बसमधून उतरलीस तेव्हापासून," तो म्हणाला. "दोन्ही हातांत किटल्या होत्या. दोरी उजवी दिसली. मग मी वळली दुसरी, शेजारणीकडून बांधून घेतली."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"काय सांगणार?"

"'मला माहीत आहे. घाबरू नकोस.' एवढंच! पाच शब्द!" तिचा आवाज चढला. "एकतीस वर्षं मी घाबरत जगले या घरात. तुमची आई मला टाकून बोलायची, मी ऐकून घ्यायची. का? तर माझ्या हातून एवढं मोठं पाप झालंय म्हणून. दोरी वळलीत हो तुम्ही. पण तोंड उघडलं नाहीत."

तो काही बोलेल असं मला वाटलं नव्हतं. पण बोलला, आणि जे बोलला ते ऐकायला मी तिथे नसते तर बरं झालं असतं.

"पाऊस आला तेव्हा मी घरातच होतो."

"काय?"

"शेतातून लवकर आलो होतो. पडवीत बसलो होतो. झाकण उघडं दिसत होतं. थेंब पडायला लागले तेही दिसत होते." त्यानं ओट्याकडे हात केला. बारा पावलंसुद्धा नसतील. "आईनं लहानपणापासून सांगितलेलं, ओट्यावर पाय ठेवायचा नाही. म्हटलं तू येशील. नाहीतर कुणी बाई येईल. बसून राहिलो. तू आलीस तेव्हा मी दाराआड झालो. तू रांजण बघितलास आणि स्वतःच्या तोंडात मारून घेतलंस. तेव्हा सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. मग रोज जड होत गेलं."

सुन-येनं ओट्याकडे बघितलं, पडवीकडे बघितलं.

"बारा पावलं," ती म्हणाली.

"शनिवारी चढलो," तो म्हणाला. "माल-सुक गेल्यावर. सोया मुळे साठवायच्या खड्ड्यात आहे, बाटल्यांत, पेंढ्याखाली. एक थेंब सांडला नाही. गुरुवार टळला की तुझ्या दारात आणून ठेवणार होतो."

मला राहवलं नाही. "अहो, पण सोया तिचा आहे हे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं, तर कोर्टात रांजण मागितलात कशाला? सरळ देऊन टाकायचा! मी तज्ज्ञ तरी बोलावला नसता."

त्यानं पुन्हा भिंतीकडे नजर वळवली.

"ऊन पडलं की ती यायची," तो म्हणाला. "झाकण उघडायला."

सुन-ये तोंडावर पदरासारखा एप्रन धरून रडली. आनंदानं नाही, समेटानंही नाही. असं रडणं मी या कामात पुष्कळ बघितलंय. सगळं हाताशी होतं आणि आता उपयोग नाही, हे कळल्यावर माणसं तसं रडतात. मला वाटून गेलं की आता ही म्हणेल, फाडा ते कागद. तिनं डोळे पुसले.

"बाई, लिहा," ती म्हणाली. "मी परत येणार नाही. उशीर झाला."

"हो," दोंग-सिक म्हणाला.

मी लिहिलं. आतला सोया आणि खडे सुन-येच्या आईकडून आलेले, म्हणून तिचे. मातीचा रांजण प्यो घराण्याचा, पाच पिढ्यांचा, म्हणून त्याचा. दोघांनी सहीऐवजी आपापले शिक्के उमटवले. खडे त्यानं खिशातून काढून दिले, जुन्या रुमालात बांधलेले, हरभऱ्याएवढे काळे खडे. बाटल्यांवरचं नाव आपण बदलणार, असं सुन-ये म्हणाली. आईच्या गावाचं लिहीन, गिऱ्हाईक राहिलं तर राहिलं.

बाटल्या गाडीत चढल्यावर ती पेंढ्याची जुडी घेऊन पडवीच्या कडेला बसली. "माझ्या नव्या रांजणाला दोरी लागेल," ती म्हणाली. "शिकवा मला."

तो तिच्यापासून हातभर अंतरावर बसला. "डावा पुढे. नाही, दाबायचं नाही, नुसता सरकवायचा. थांब, उलटा गेला. हं. आता असाच." त्या पाव तासात तो जेवढं बोलला तेवढं बहुधा वर्षात बोलला नसेल. दोरी वाकडीतिकडी झाली, पण पीळ डावा होता. सुन-येनं ती गुंडाळून पिशवीत ठेवली, मला वाकून नमस्कार केला, गाडी सुरू केली आणि गेली. माल-सुक मलम घेऊन आली तेव्हा अंगण रिकामं होतं, आणि तिला काय सांगायचं ते मी तिच्या दादावर सोडलं. त्यानं काही सांगितलं असेल असं वाटत नाही.

एप्रिलमध्ये कोर्टाचा शेवटचा कागद द्यायला मी पुन्हा दोलगोलला गेले. सकाळी चांगलं ऊन होतं. ओट्यावरच्या त्या रांजणाचं झाकण काढून बाजूला ठेवलेलं होतं. मी डोकावले. आत काही नव्हतं, कोरडा तळ. दोंग-सिक पडवीत बसला होता. त्यानं कागद घेतला, मला बार्लीचा चहा दिला, आणि मी पडवीतच तो प्यायला बसले.

थोड्या वेळानं आभाळ भरून आलं. पहिला थेंब अंगणात पडला न पडला तोच तो उठला, अनवाणी धावत ओट्यावर चढला आणि त्यानं झाकण लावलं.

"अहो, रिकामा आहे तो," मी म्हटलं.

"पाऊस येतोय," तो म्हणाला.